शेवटची पंगत उठेपर्यंत

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच सुमारास गुणवंता खवसेचं मोठं आतडं काढून टाकलं. गावाला काहीतरी मिळालं आणि गुणवंताचं काहीतरी गेलं, म्हणजे एकूण जमाखर्च बरोबर राहिला. जिल्ह्याची बातमी पेपरात आली, फटाके फुटले. आतड्याच्या बातमीला पेपरची गरज पडली नाही. ती तिगावपासून लोधीखेड्यापर्यंत प्रत्येक लग्नघरी आपोआप पोचली, कारण गुणवंता लग्नातला आचारी होता, आणि आचाऱ्याचं पोट ही आमच्याकडे सार्वजनिक बाब समजली जाते.

लग्नात स्वयंपाक करणारे आमच्या भागात पायलीचे पन्नास मिळतात. गुणवंता त्यांतला नव्हता. त्याच्या आलू-वांग्याच्या भाजीसाठी लोक लग्नाची तारीख मागेपुढे करत. मुहूर्त काढायच्या आधी गुणवंता मोकळा आहे का ते बघत, मग गुरुजींकडे जात. गुरुजींना हे आवडत नसे, पण जेवायला तेही थांबत.

हे काम तो मामाकडे शिकला. मामाचा नियम एकच होता. मुलीचा बाप भट्टीला हळदकुंकू वाहून नारळ फोडतो, तिथून ती भट्टी आचाऱ्याच्या ताब्यात. शेवटची पंगत उठेपर्यंत त्याने तिथून हलायचं नाही, आणि पंगत उठली की आपल्याच हाताने पाणी टाकून ती विझवायची. मामा म्हणत, "नवरदेव मांडव सोडून गेला तर दुसरा भेटते. आचारी भट्टी सोडून गेला की भाजी लागते." भाजी लागते म्हणजे गंजाच्या, मोठ्या पातेल्याच्या, बुडाला धरते आणि करपते. एकदा करपली की वरची कितीही चांगली असो, वास सगळ्या गंजाला लागतो. गुणवंताची भाजी आयुष्यात कधी लागली नव्हती. त्याला गर्व होता तो एवढ्याच एका गोष्टीचा. दुसरा गर्व करावा अशी घरात एक मोटारसायकल होती, पण ती मेव्हण्याची होती.

दुखणं सुरू झालं ते शौचातून रक्त पडायला लागल्यापासून. सगळ्या गावाने एकमताने मूळव्याध ठरवली. आमच्याकडे कमरेच्या खाली काहीही झालं तर ती मूळव्याध असते आणि कमरेच्या वर काहीही झालं तर गॅस. गुणवंताने ताक प्यायलं, सुरण खाल्लं, एका वैद्याची काळी पुडी घेतली. रक्त थांबलं नाही. दिवसातून कितीतरी वेळा धावावं लागे. तरी भट्टीचा नियम त्याने मोडला नाही. त्याचा उपाय साधा होता: लग्नाच्या आदल्या दुपारपासून तो अन्नाचा कण पोटात घेत नसे. हजार माणसांच्या जेवणावर उपाशी माणूस उभा राही, आणि लोक म्हणत, काय संयमी आचारी आहे.

शेवटी सौंसरच्या एका लग्नात तो पंगतीनंतर बसल्या जागी आडवा झाला आणि त्याला नागपूरला नेलं. तिथे कळलं की मूळव्याध नाही, मोठ्या आतड्याला आतून जखमाच जखमा आहेत. डॉक्टर श्रीकांत म्हणून होते, शांत माणूस. त्यांनी आधी काही वर्षं गोळ्यांवर काढली. त्या गोळ्यांनी गुणवंताचा चेहरा सुजून गोल झाला. गावात लोक भेटत आणि म्हणत, नागपूरचं पाणी मानवलं तुले. मग गोळ्यांनीही ऐकेनासं झालं, रक्त इतकं गेलं की डॉक्टर म्हणाले, आता आतडं ठेवलं तर माणूस राहणार नाही. आतडं काढलं. लहान आतड्याचं तोंड पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवली. डॉक्टर तिला बॅग म्हणत, गाव थैली म्हणे, आणि गुणवंताची बायको सुचिता तिला नावच देत नसे. ती 'ते' म्हणे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या दोन्ही काठांवरून दगड येतात. त्यामुळे डोकं फुटलेल्या माणसाशी काय बोलावं, त्याला काय बांधावं, हे पांढुर्ण्यात सगळ्यांना येतं. पण पोटावर थैली घेऊन आलेल्या माणसाशी काय बोलावं हे कोणालाच येत नव्हतं. म्हणून लोक बोलले नाहीत, संत्री घेऊन आले. ज्याच्या त्याच्या बागेतली, पिशव्या भरभरून. दवाखान्यात सिस्टरने बजावलं होतं की चोथ्याची, रेषांची फळं सध्या खायची नाहीत, आतड्याच्या तोंडाशी अडकतात. गुणवंताने मान डोलावली होती. पण संत्र्याला आमच्याकडे फळ कोण म्हणतं? फळ म्हणजे सफरचंद, जे विकत आणतात. संत्रा म्हणजे घरचा. गुणवंताने साल तेवढी सोडली, बाकी सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी थैली कोरडी, पोट नगाऱ्यासारखं, आणि गाडी पुन्हा नागपूरला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? सुचिता म्हणाली, "काहीच नाई जी. संत्रे." नाकातून नळी घालून ते प्रकरण निस्तरलं.

थैलीचा त्रास तसा फार नव्हता. ती कशी रिकामी करायची, कशी बदलायची, हे तो लवकर शिकला. स्वयंपाक्याचा हात होता, मोजकं आणि स्वच्छ काम त्याला येत होतं. रक्त थांबलं होतं, धावणं थांबलं होतं, तो पोटभर जेवत होता. त्रास दुसराच झाला. लग्नाची बोलावणी येईनाशी झाली. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. सगळे म्हणत, आराम करा, महाराज, यंदा आराम करा. आराम इतका झाला की भट्टीवर ढवळायचा लांब सराटा गंजला. दादाराव, जो त्याच्या हाताखाली वीस-बावीस वर्षं वांगी चिरत आला, तोच आता लहानसहान कामं घेऊ लागला आणि येऊन सांगे, भाजी बरी झाली, पण लोकांनी तुमचं नाव काढलं. काय म्हणून काढलं, ते तो सांगत नसे.

सुचिताने शिवेवरच्या मारुतीला नवस बोलला. थैली सुटू दे, रोडग्यांचं जेवण घालीन.

थैली सुटायचा मार्ग डॉक्टरांकडे होता. लहान आतड्याचं टोक दुमडून, शिवून, आतल्या आत एक पिशवी करायची आणि ती खाली नेहमीच्या वाटेला जोडायची. गुणवंताला हे घडीच्या पोळीसारखं वाटलं आणि लगेच समजलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दहातल्या नऊ जणांचं बरं चालतं, म्हणाले. पण पहिल्यासारखं होत नाही. दिवसातून सहा-सात वेळा जावं लागेल, रात्री कपडे खराब होऊ शकतात, शिवण गळू शकते, आतली पिशवी पुन्हापुन्हा सुजू शकते, आणि काही जणांची शेवटी बंद करावी लागते. गुणवंताने नऊ ऐकलं. सुचिताने 'सुटते' ऐकलं. बाकीचं एकमेकांनी ऐकलं असेल असं दोघेही धरून चालले.

ऑपरेशनं दोन टप्प्यांत झाली. मधे एकदा शिवणीपाशी पू झाला, ताप चढला, महिनाभर तो नागपूरलाच होता. पण शेवटी थैली सुटली. पोटावर एक वळ राहिला. सुचिताने मारुतीपाशी गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे रोडगे भाजले, वरण-वांग्याची भाजी केली आणि अर्धा मोहल्ला जेवला. सगळ्यांनी गुणवंताच्या सपाट पोटाकडे पाहून समाधानाने ढेकर दिली. गुणवंताला रोडगा जड म्हणून मना होता. तो वरणभात खाऊन तीनदा उठला.

तिथून बोलावणी पुन्हा सुरू झाली, कारण लोकांच्या दृष्टीने आता आचारी शुद्ध झाला होता.

आता या शुद्धतेची गोष्ट अशी होती. थैली होती तेव्हा गुणवंता कधी जातो आणि काय करतो हे कोणाला दिसत नसे. थैली सुटल्यावर तो टमरेल घेऊन जाताना अख्ख्या मांडवाला दिसे. भाजीला फोडणी देऊन गेला, भात निथळून गेला, बुंदी पाडता पाडता झारा दादारावच्या हातात देऊन गेला. परत येऊन तो कोपरापर्यंत हात साबणाने धुई, पण धुतलेले हात कोण बघतं, गेलेला माणूस सगळे बघतात. पाहुणे आपसांत मोजत. थैलीवाल्या आचाऱ्याला नाही म्हणणारी माणसं याला मात्र हो म्हणत होती, आणि हसत होती. दादाराव आता भट्टीपासून दूर जात नसे, आणि पंगत उठली की न सांगता पाण्याची बादली ओतून विस्तव विझवून टाकी. तेव्हा गुणवंता बहुधा मांडवामागे असे.

डॉक्टर म्हणाले, सात-आठ वेळा म्हणजे छान निकाल आहे. डॉक्टरांच्या कागदावर तो छानच होता. नंतर मात्र आतली पिशवी सुजायला लागली. ताप येई, पोटात मुरडा येई, दिवसाचे सात-आठ होते ते पंधरा होत, आणि आवरून धरायला वेळच मिळत नसे. गोळ्यांनी आठ-दहा दिवसांत बरं वाटे. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. सुचिता रोज सकाळी चादर धुवायला टाके आणि शेजारणींना सांगे, घाम फार येते यायले.

आणि मग लोधीखेड्याला भाजी लागली.

मास्तरांच्या रोहित नावाच्या मुलाचं लग्न होतं. मोठा गंज, आलू-वांगं, भट्टी रसरसलेली. दादाराव नेमका मठ्ठ्यासाठी पाणी आणायला गेला होता. गुणवंताच्या पोटात कळ आली. त्याने सराटा तसाच गंजात ठेवला आणि गेला. संडासात आधीच कोणी बसलेलं होतं. तो दाराबाहेर उभा राहिला, दोन्ही मुठी आवळून, आणि वाऱ्यावरून करपल्याचा वास आला. घरातल्या कोणाला तो कळायच्या आधी त्याला कळला. पहिल्यांदाच कळला, तरी ओळखू आला. त्याला दाराकडे जावं की भट्टीकडे हे ठरवता आलं नाही, आणि ठरवायच्या आधी त्याच्या शरीराने ठरवून टाकलं. तो घरी जाण्याच्या लायकीचाही उरला नाही.

दादारावने धावत येऊन वरची भाजी दुसऱ्या गंजात काढली, बुडाला हात लावला नाही. लोक जेवले. बोरगावचे भगवंतराव, संत्र्याचे मोठे बागायतदार आणि गुणवंताच्या भाजीचे जुने भक्त, पंगतीत म्हणाले, आज भाजीले थोडा धूर लागला का? तेवढंच. गुणवंताने ते मांडवाच्या मागून ऐकलं, नेसूचं धोतर बदलता बदलता. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून निजला आणि दुसऱ्या दिवशी सुचिताला सांगितलं की नागपूरला जायचं आहे.

डॉक्टरांसमोर तो सरळ मुद्द्यावर आला. "साहेब, थैली परत लावून द्या," म्हणाला.

डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. लोक त्यांच्याकडे थैली काढायला येतात. त्यांनी आणखी एक औषध सुचवलं, गुणवंताने एक पावसाळा आणि एक हिवाळा ते घेतलं. फरक पडला नाही. मग त्यांनी आत नळीने पाहिलं आणि म्हणाले, त्या नऊ जणांत तुम्ही नाही, वाईट वाटतं. गुणवंता म्हणाला, कोणीतरी दहावा असणारच जी. डॉक्टर म्हणाले, आतली पिशवी तशीच ठेवू, वाट वरून वळवून घेऊ, पण यावेळी थैली कायमची समजा. गुणवंताने हो म्हटलं. जेवढ्या सहज तो मीठ टाकायचा तेवढ्या सहज.

अडचण डॉक्टरांची नव्हती, सुचिताची होती. परतीच्या गाडीत काटोल मागे पडलं. तशी ती म्हणाली, "नवस फेडला हाये जी. अर्धा मोहल्ला जेवला. आता मारुतीले काय सांगू, तुमचं तुमी परत घेऊन जा म्हणून?"

"मी सांगतो मारुतीले."

"अन् लोकायले?"

याचं उत्तर सुचितानेच काढलं. ऑपरेशन झाल्यावर तिने गावात सांगितलं की हर्नियाचं होतं, आता पट्टा बांधावा लागते. हर्निया ही अब्रूदार गोष्ट आहे. वजन उचलणाऱ्या कष्टकऱ्याला होते. लोकांनी मान हलवली, आणि सुचिताने दवाखान्यातून आणलेल्या नव्या थैल्यांचे डबे धान्याच्या कोठीमागे ठेवून दिले. गुणवंताने पट्टा बांधला. त्याला ताप नव्हता, मुरडा नव्हता, चादर कोरडी होती. खोटं बोलण्याचं काम बायकोने घेतलं होतं, आणि ती ते अंगावर घेऊन वाळत चालली होती, हे त्याला दिसत होतं. पण त्याला भट्टी हवी होती. त्यापुढे त्याने बाकीचं पाहिलं नाही, हे खरं आहे.

चैत्र संपता संपता भगवंतरावांचं बोलावणं आलं. त्यांच्या लेकीचं, अश्विनीचं लग्न, बोरगावला, बागेला लागूनच मांडव. भगवंतरावांनी विचारलं, तब्येत? सुचिता आतून म्हणाली, एकदम बरी हाये जी.

लग्नाच्या दिवशी गुणवंताने पहाटे पेजेवर भागवलं, थैली रिकामी केली, वरून पांढरं फडकं गुंडाळलं, त्यावर पट्टा, त्यावर धोतर. उन्हात घामाने थैलीचा चिकटा सुटतो, आणि थैलीवाल्या माणसाच्या अंगातलं पाणी-मीठही भराभर जातं, म्हणून मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली भट्टीजवळ ठेवली. भगवंतरावांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गुणवंता सराटा हातात घेऊन उभा राहिला तो राहिलाच. वांगी पडली, आलू पडले, खोबरं-तिळाचं वाटण पडलं. भात झाला, बुंदी झाली. पहिली पंगत बसायची वेळ झाली तरी माणूस जागचा हलला नव्हता. दादाराव मधूनमधून त्याच्याकडे पाही आणि पुन्हा चिरू लागे. वांगी केव्हाच चिरून झाली होती, तो कोथिंबीर चिरत होता.

घोळ झाला तो गुलाबबाईंमुळे. भगवंतरावांची मोठी बहीण, विधवा, घरातलं सगळं तिच्या हुकमावर चालणारं. ती भाजी पाहायला भट्टीपाशी आली. गुणवंता गंज उतरवायला वाकला, घामाने भिजलेलं धोतर पोटाला चिकटलं, आणि पट्ट्याखाली जे होतं त्याचा आकार दिसला. गुलाबबाईंचा नवरा शेवटी नागपूरच्या दवाखान्यातच वारला होता. तिने असले आकार पाहिलेले होते. तिने गुणवंताला काही विचारलं नाही. सरळ पुऱ्या लाटणाऱ्या बायकांत गेली, त्यांच्यात बसलेल्या सुचितापाशी उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "थे काय बांधलं हाये तुह्या नवऱ्यानं?"

लाटणी थांबली. पंगत मांडली गेली होती, पत्रावळी पडल्या होत्या, वरपक्षाची माणसं बसत होती. गुणवंताने ऐकलं. त्याला वाटलं, आता सुचिता पट्टा म्हणेल, आणि गुलाबबाई फडकं सोडायला लावेल, आणि ही भट्टी दादाराव विझवेल. त्याने सराटा धरून ठेवला.

सुचिता उठली नाही. हातातली पुरी पूर्ण लाटली, परातीत टाकली.

"थैली हाये," ती म्हणाली. "हर्निया नाई, मी खोटं सांगितलं. थैली हाये म्हणून सकाळपासून भट्टीपाशी उभे हायेत. नव्हती तवा लोधीखेड्याले भाजी लागली."

गुलाबबाईंनी विचारलं, "हात धुते ना?"

"तुमच्या व्याह्यापेक्षा जास्त."

गुलाबबाईंनी पंगतीकडे पाहिलं. वरबाप नुकतेच बागेतल्या संत्र्यांच्या आडून येत होते, धोतराचा सोगा सावरत. आले तसे ते पहिल्या पत्रावळीवर मांडी घालून बसले. गुलाबबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग गुणवंताच्या हातांकडे पाहिलं. "वाढा," तिने वाढप्यांना सांगितलं, आणि व्याह्यांकडे एक तांब्या पाणी पाठवून दिलं.

पंगती उठत गेल्या. भगवंतरावांनी दोनदा भाजी मागून घेतली आणि धुराबद्दल काही म्हटलं नाही. बातमी पंगतीतून फिरलीच असणार, आमच्याकडे बातमी वरणाच्या आधी पोचते. एक-दोघांनी भाजी बाजूला सारली. बाकीच्यांनी आधी चव घेतली आणि मग ठरवलं, आणि चव घेतल्यावर ठरवण्यासारखं काही उरलं नाही.

शेवटच्या पंगतीत मांडववाले, वाजंत्रीवाले आणि घरच्या बायका बसल्या. त्याही उठल्या. दादाराव बादली भरून घेऊन आला, सवयीने भट्टीपर्यंत गेला आणि थांबला. मग त्याने बादली गुणवंतापुढे धरली. गुणवंताने ती घेतली आणि विस्तवावर ओतली. वाफेचा मोठा लोट उठला. तो बसेपर्यंत दोघेही तिथेच उभे राहिले.

परतताना टेम्पो शिवेवरच्या मारुतीपाशी आला तेव्हा सुचिताने थांबवायला सांगितलं. ती उतरली, हात जोडले आणि परत येऊन बसली. गुणवंताने विचारलं, कशाचं?

"काल बोलून आली व्हती," ती म्हणाली. "शेवटची पंगत उठेपर्यंत थैली टिकू दे म्हनलं. रोडगे कराचे हायेत आता."

गुणवंताला रडू आलं. त्याने पंच्याने डोळे पुसले आणि भट्टीचा धूर लई होता आज, म्हणाला. भट्टी तर त्याने केव्हाच विझवली होती. सुचिता हो म्हणाली.